जमिनीतले अंजीर दर जानेवारीत काळे पडते : तिथेच ठेवावे की कुंडीत हलवावे?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार. आमचे घर लष्कर भागात, जुन्या दगडी वाड्याच्या मागच्या भागात आहे आणि सुदैवाने थोडे मातीचे अंगण अजून शिल्लक आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीने सासवडहून तिच्या मळ्यातल्या अंजिराच्या दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवल्या. त्यातली एक जगली आणि ती मी अंगणात जमिनीतच लावली. पहिल्या पावसाळ्यात ती कमरेएवढी झाली, पण जानेवारीत शेंड्यापासून निम्म्यापर्यंत काळी पडली. मार्चमध्ये बुंध्यातून नवे फुटवे आले, ऑक्टोबरपर्यंत ते माझ्या उंचीचे झाले आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच घडले. यंदाचा हा तिसरा हिवाळा आहे. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री लागोपाठ कडाक्याची थंडी पडली आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळे कोवळे शेंडे उकडल्यासारखे लोंबत होते. फळे धरतात, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात. ती सुपारीएवढी होऊन तशीच हिरवी व कडक राहतात आणि डिसेंबरअखेर गळून पडतात. तीन वर्षांत एकही अंजीर पिकलेले पाहिले नाही.

मी काय काय केले तेही लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली ते सांगणे सोपे जाईल. झाड घराच्या उत्तरेकडच्या बाजूला आहे, त्यामुळे हिवाळ्यात त्याला ऊन दुपारी बारानंतर मिळते. दर दोन महिन्यांनी शेणखत घालते. ऑक्टोबरमध्ये पाने फार कमी राहिली होती म्हणून माळ्याच्या सांगण्यावरून दोन मुठी युरियाही घातला, आणि त्यानंतर फुटवा खरोखर सुरेख आला. यंदा थंडीच्या रात्री झाडावर प्लास्टिकचा कागद टाकून खाली दोरीने बांधला होता, पण कागदाला टेकलेली पानेच सर्वांत आधी काळी पडली.

आमच्याकडे हिंदीच्या संगतीने आम्हीही या थंडीला 'पाला पडला' असेच म्हणतो. मावशीला फोनवर तसे सांगितले तर ती म्हणाली, "अगं, हिवाळ्यात अंजिराचा पाला पडायचाच, त्यात काय एवढे!" तिचा पाला वेगळा आणि माझा वेगळा हे कळायला आम्हा दोघींना थोडा वेळ लागला.

माझे प्रश्न असे. ग्वाल्हेरच्या थंडीत अंजीर जमिनीत टिकते का? की त्याला मोठ्या कुंडीत लावून हिवाळ्यात व्हरांड्यात ठेवावे? आणि फळे न पिकता गळतात, ती परागीभवन करणारा कीटक आपल्याकडे नाही म्हणून का?

मुरारकर (मुरार, ग्वाल्हेर)

ताई, झाड उपटू नका. माझ्याकडे मुरारला अंजिराचे झाड अकरा वर्षे जमिनीत उभे आहे आणि मे-जूनमध्ये भरपूर फळ देते. पहिली चार वर्षे माझीही स्थिती अगदी तुमच्यासारखीच होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कीटकाचा प्रश्न मिटवून टाकू. अंजिराच्या काही जातींना, उदाहरणार्थ स्मर्ना गटातल्या जातींना, फळ पिकण्यासाठी एका बारीक गांधीलमाशीकडून परागीभवन व्हावे लागते. पुणे-सासवड भागातले अंजीर त्या गटातले नाही, त्याचे फळ परागीभवनाशिवाय वाढते आणि पिकते. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बागा अशाच पिकतात. तुमची फळे गळतात ती केवळ थंडीमुळे. फळ दिसू लागल्यापासून पिकेपर्यंत साधारण तीन ते चार महिने लागतात, आणि मधला बराच काळ ते जागच्या जागी थबकल्यासारखे दिसते. सप्टेंबरअखेर धरलेल्या फळाचा हा थबकण्याचा काळ नेमका डिसेंबरच्या गारठ्यात येतो आणि ते तिथेच संपते.

आता थंडीकडे येऊ. पूर्ण झोपलेले, म्हणजे पानगळ होऊन विश्रांतीत गेलेले जाणते अंजिराचे झाड शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत फारसे बिघडत नाही. इतकी थंडी ग्वाल्हेरला पडत नाही. पण तेच झाड जागे असेल, शेंड्याला कोवळी पाने फुटत असतील, तर शून्याखाली एक-दोन अंशांची एक रात्रही त्याला पुरते. तुमचे झाड जानेवारीत जागे असते, आणि माझ्या मते सगळा घोळ त्यातच आहे. मावशींचे म्हणणे वेगळ्या अर्थाने अगदी बरोबर होते: हिंदीतला पाला पडण्याआधी मराठीतला पाला पडून गेलेला हवा.

आता ते जागे का असते, ते पाहा. ऑक्टोबरमध्ये पाने फार कमी उरली होती असे तुम्ही लिहिले आहे. ती ऑगस्ट-सप्टेंबरात गळली असणार. त्या वेळी पानांच्या खालच्या बाजूला विटकरी-पिवळसर भुकटीसारखे बारीक फोड होते का, ते आठवून पाहा. हा तांबेरा. पावसाळी दमट हवेत अंजिराला तो हमखास येतो आणि भर पावसाळ्यात झाड ओके-बोके करतो. पाने अवेळी गेली की झाड साठवलेले अन्न खर्चून ऑक्टोबरात नवी पालवी काढते. त्यात तुम्ही युरिया घातला, म्हणजे ती पालवी आणखी लुसलुशीत आणि पाणीदार झाली. अशी दोन महिन्यांची कोवळी फूट घेऊन झाड जानेवारीत शिरते. ती काळी पडते याला मी थंडीपेक्षा तांबेऱ्याला जास्त जबाबदार धरतो. जानेवारीतल्या नुकसानीची सुरुवात ऑगस्टमध्ये होते, हे मला कळायला चार हिवाळे गेले.

म्हणून मुख्य काम पावसाळ्यातच करायचे आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि नंतर उघडीप पाहून दर पंधरा-वीस दिवसांनी, अशा तीन-चार फवारण्या पुरतात. घरच्या झाडासाठी दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करावे, लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे अजिबात वापरू नये. स्वच्छ खिळा त्यात मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरून टाकावे, आणि झाडावर पिकण्याच्या बेतातली फळे असतील तेव्हा फवारू नये. गळलेली रोगट पाने झाडाखाली कुजू न देता उचलून नेणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

शेणखत फेब्रुवारीअखेर एकदा आणि पाऊस लागताना एकदा, एवढेच द्या. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्र देणारे काहीही नको. ऑक्टोबरपासून पाणी हळूहळू तोडत आणा. बंद करू नका, पण माती वरून चार बोटे सुकल्याशिवाय देऊ नका. एवढे पाळले तर डिसेंबरात पाने पिवळी पडून आपोआप गळतील आणि फांद्या हिरव्याच्या करड्या-तपकिरी होतील. तशी पक्व फांदी ग्वाल्हेरच्या थंडीला पुरून उरते.

झाकण्याविषयी थोडेसे. वर्तमानपत्रात किमान तापमान तीन अंश छापून येते आणि आपल्या अंगणात पानावर बर्फाची साय दिसते, यात विसंगती नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर पेटीच्या आत असतो, तर उघड्या आकाशाखालचे पान रात्रभर उष्णता वर फेकत राहिल्यामुळे भोवतीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी अधिक थंड होते. वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असेल ती रात्र धोक्याची. धुक्याची किंवा ढगाळ रात्र अंगाला कितीही बोचली तरी झाडाला तितकी घातक नसते. धोक्याची रात्र दिसली की दुपारी बुंध्याशी थोडे पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक धरून ठेवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. संध्याकाळी चार बांबू रोवून त्यांवर जुनी चादर किंवा गोणपाट जमिनीला टेकेल असे टाकावे आणि सकाळी ऊन आले की काढावे. प्लास्टिक पानाला टेकले की पान बाहेरच्या गारठ्यालाच टेकले असे समजावे, तुमच्या अनुभवातही तेच दिसते.

फेब्रुवारी उलटेपर्यंत काळ्या फांद्या कापू नका. कुठवर जीव आहे ते नखाने साल खरवडून पाहा, आत हिरवे आहे तिथपर्यंत फांदी जिवंत आहे.

माळवी माती (इंदूर)

मुरारकरांच्या तांबेऱ्याच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु छाटणीबाबत माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही इंदूरला डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरलीसुरली पाने हाताने काढून शेंडे छाटतो. जानेवारीअखेर डोळे फुगतात आणि एप्रिल-मेमध्ये पहिले फळ हाती येते. फेब्रुवारीपर्यंत थांबले तर फळ पुढे सरकून पावसात सापडते, फुटते आणि आंबूस लागते. पुण्याकडचे शेतकरीही पावसाळी फळाला खट्टा बहार आणि उन्हाळी फळाला मीठा बहार म्हणतात, त्याचे कारण हेच.

आणखी एक. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून आम्ही झाड फूटभर उंच वरंब्यावर लावतो. ग्वाल्हेरची माती हलकी असेल तर याची आवश्यकता नसावी, तरी खड्ड्यात पाणी उभे राहते का ते एकदा पाहून घ्या.

मुरारकर (मुरार, ग्वाल्हेर)

डिसेंबरची छाटणी इंदूरला चालते, कारण तिथली थंडी जानेवारीत ग्वाल्हेरइतकी खाली क्वचितच जाते. छाटणी म्हणजे झाडाला उठवण्याची हाक असते. ती डिसेंबरात दिली आणि जानेवारीचे चार दिवस उबदार गेले, तर आमच्याकडे डोळे फुगतात आणि पुढच्या थंडीच्या लाटेत नेमके तेच मरतात. दोन वर्षे मी हे पाहिले आहे. म्हणून ग्वाल्हेरला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी कात्री लावू नये या मतावर मी ठाम आहे, आणि तेव्हाही छाटणी हलकी असावी. अंजिराचे पहिले फळ गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर धरते आणि दुसरे त्या वर्षीच्या नव्या फुटीवर. जुनी काडी वाचवली तर आमच्याकडेही मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे पावसाच्या आत, फळ मिळते. ताईंची जुनी काडी दरवर्षी मरते, म्हणून त्यांच्या वाट्याला केवळ उशिराचे फळ येते.

प्रवासी आजी (वडोदरा, हिवाळे न्यू जर्सीत)

मी मूळची ग्वाल्हेरची, दौलतगंजातली. आता वडोदऱ्याला असते आणि गेली सहा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीला मुलाकडे बराच काळ राहणे होते. तिथे थंडी शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत जाते, तरीही आमच्या गल्लीत जमिनीत लावलेली अंजिरे आहेत. ती मुख्यतः इटलीहून आलेल्या कुटुंबांची. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावाकडून काड्या आणल्या आणि अंगणात लावल्या; तुमच्या मावशींनी पाठवल्या तशाच. ते लोक काय करतात ते मी दोन हिवाळे शेजारी उभी राहून पाहिले, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे ते घाई करत नाहीत. कडक थंडीने पाने पूर्ण गळेपर्यंत झाड उघडेच ठेवतात, कारण थोडी थंडी लागल्याशिवाय ते नीट झोपत नाही. मग नोव्हेंबरअखेर सगळ्या फांद्या दोरीने हळूहळू वर आवळून मोळी बांधतात. वाटाण्याहून मोठी झालेली कच्ची फळे काढून टाकतात, ती पुढे कुजतात. मोळीभोवती गोणपाट, जुन्या रजया, गालिचे गुंडाळतात, मध्ये वाळकी पाने भरतात, बाहेरून डांबरी कागद बांधतात आणि अगदी वर एक बादली पालथी घालतात, म्हणजे पाऊस-बर्फाचे पाणी आत शिरत नाही. एप्रिलमध्ये ढगाळ दिवस पाहून ते सगळे उतरवतात. एकदम कडक उन्हात उघडले तर साल भाजते असे शेजारच्या आजोबांनी मला सांगितले होते.

काही जण याहून कष्टाचे काम करतात. झाडाच्या एका बाजूची मुळे कुदळीने तोडतात, सबंध झाड दुसऱ्या बाजूला चरात आडवे करतात आणि वर फळ्या, पाने व माती टाकून पुरून ठेवतात. वसंतात पुन्हा उभे करतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या पोटात कालवले, पण मे महिन्यात त्याच झाडाला पालवी आली. ज्यांना एवढे जमत नाही ते केवळ बुंध्यावर मातीचा व पानांचा ढीग करतात. वरचे सगळे मेले तरी जमिनीखालच्या डोळ्यांतून झाड पुन्हा उठते, आणि अंजीर काडीपासून लावलेले, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर असल्यामुळे खालून येणारा फुटवा त्याच जातीचा असतो. आंब्याच्या कलमासारखे खालून रायवळ फुटण्याचे भय इथे नाही. तिथल्या थंडीत शिकागो हार्डी नावाची जात लोकांच्या विशेष पसंतीची आहे, कारण जमिनीपासून उठलेल्या नव्या फुटीवरही ती त्याच वर्षी, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, फळ पिकवते.

ग्वाल्हेरला हे सगळे करण्याची गरज नाही, हे मुरारकरांनी नीट सांगितलेच आहे. मात्र त्यातल्या दोन गोष्टी उपयोगी पडतील. तिथे झाड एका खोडावर वाढवत नाहीत. जमिनीपासून चार-पाच खोडे ठेवतात, म्हणजे एखादे गेले तरी बाकीची उरतात. आणि रोप कुंडीत होते त्यापेक्षा चार-सहा बोटे खोल लावतात, म्हणजे काही डोळे कायम मातीच्या पांघरुणात राहतात.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

मुरारकर काका, आजी आणि माळवी माती, तिघांचेही मनापासून आभार. आज सकाळी नखाने साल खरवडून पाहिली. पाच खोडांपैकी तीन गुडघ्यापर्यंत हिरवी आहेत, एक कमरेपर्यंत आणि एक पूर्ण वाळलेले. ऑगस्टमधली पाने मी मोबाइलवरच्या जुन्या छायाचित्रांत शोधली. एका छायाचित्रात नात पान उलटे धरून उभी आहे आणि त्यावर काकांनी सांगितलेले विटकरी फोड स्पष्ट दिसतात. मी ते धूळ समजत होते.

आणखी दोन शंका आहेत. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कुंपणाची दगडी भिंत आहे, तिच्या दक्षिणेकडच्या अंगाला दिवसभर ऊन असते. झाड तिथे हलवावे का? आणि थंडीत बुंध्याशी वाळका पाला पसरावा म्हणतात, पण आमच्याकडे वाळवी फार आहे.

मुरारकर (मुरार, ग्वाल्हेर)

ती भिंत उत्तम आहे. आपल्याकडचा वालुकाश्म दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो, भिंतीलगतची हवा उघड्या अंगणापेक्षा निश्चित सौम्य असते. तरीही तीन वर्षे मुरलेले झाड हलवू नका. छाटणीच्या वेळी तपकिरी झालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या चार-पाच डोळ्यांच्या काड्या निघतील तेवढ्या काढा, चीक सुकू द्या आणि वाळू-माती समप्रमाणात भरलेल्या पिशव्यांत दोन-तृतीयांश खोल लावा. चीक हाताला लागून त्यावर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून हातमोजे घाला आणि नातीला दूर ठेवा. पावसाळ्यात त्यातले चांगले रोप भिंतीपासून चार फुटांवर, आजींनी सांगितले तसे थोडे खोल लावा आणि एक रोप तेवढे कुंडीत राखून ठेवा. घराचा पाया, पाण्याची जमिनीतली टाकी आणि गटाराची नळी यांच्यापासून मात्र दहा फूट तरी अंतर असू द्या. अंजिराची मुळे पाण्याच्या शोधात फार लांब जातात.

भिंतीचा एक तोटाही सांगून ठेवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तीच भिंत झाडाला भाजून काढते. त्या दिवसांत पाणी कमी पडले तर पिकत आलेली फळे सुकून गळतात. एप्रिल-मेमध्ये दर तीन-चार दिवसांनी पोटभर पाणी आणि खोडाला चुन्याचा हात, एवढे करावेच लागते.

वाळवीची भीती रास्त आहे. पाला डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच, तोही खोडापासून वीतभर अंतर सोडून पसरावा आणि फेब्रुवारीत उचलून घ्यावा. मी तर अलीकडे पाल्याऐवजी नुसती मातीची भर देतो आणि नंतर ती मोकळी करतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

ठरले तर मग. झाड आहे तिथेच राहील. वाळलेले खोड आणि हिरव्याच्या वरचे काळे भाग फेब्रुवारी उलटल्यावर काढीन, मात्र कमरेपर्यंत हिरव्या असलेल्या खोडाला यंदा कात्री लावणार नाही, त्या जुन्या काडीवर मेमध्ये काही धरते का ते पाहायचे आहे. त्याच्या शेंड्याशी आत्ताच दोन बारीक गाठी दिसत आहेत, पानाचा डोळा टोकदार असतो आणि या गोल आहेत. मोरचूद आणि चुना मेअखेरच आणून ठेवते. जूनमध्ये पुन्हा लिहीन.